एल्मा राउतिओचं नाव

आमच्या टॅमरॅक गावाच्या वेशीवर पाटी आहे: 'कादंबरीकार मार्लिस हौतालाचं गाव'. ती मी रंगवली. पेट्रोल भरायला परगावचा कोणी थांबला, की मी न विचारता सांगायचो, "आमच्या वर्गात होती. लाँड्रीच्या काउंटरमागे बसून लिहायची. पहिल्या तीन पुस्तकांना कोणी हुंगलंसुद्धा नाही, चौथ्याला देशातलं मोठं बक्षीस. विद्यापीठं बोलावतात, पण ही गाव सोडत नाही." एवढं सगळं छाती फुगवून सांगायचो. फक्त तिचं एकही पुस्तक मी वाचलेलं नाही, हे गिळून टाकायचो.

गावात वाचलं होतं तरी किती जणांनी? आपला हॉकी संघ जिंकला, तर अभिमान वाटायला आपल्याला स्वतः बर्फावर उतरावं लागत नाही. माझी बायको जॉयस मात्र वाचायची. मार्लिसची पाचही पुस्तकं तिची वाचून झाली होती.

दर ऑगस्टमध्ये आमच्या अग्निशमन दलासाठी लिलाव होतो. कोणी सरपण देतं, कोणी मटण भरलेल्या भाजक्या करंज्या. मार्लिस दरवर्षी एकच गोष्ट देते: पुढच्या पुस्तकातल्या एका पात्राला तुम्ही सांगाल ते नाव. ती बोली तळ्याकाठच्या बंगल्यांतले उन्हाळी पाहुणेच जिंकतात. शिकागोच्या एका दातांच्या डॉक्टरचं नाव तिनं घोड्याला दिलं, तरी तो बिचारा खूश झाला.

तीन वर्षांपूर्वी मी हात वर केला. त्याला कारण होतं. आमच्या जुन्या शाळेचं सभागृह केलं आणि भिंतीवर फलक लावला. मुख्याध्यापक, शिक्षक, हॉकीचे प्रशिक्षक, झाडलोट करणारा म्हातारा, सगळ्यांची नावं. एकोणीस वर्षं तिथं स्वयंपाक केलेल्या माझ्या आईचं, एल्मा राउतिओचं, नाव नाही. समितीचा प्रमुख डेल कोस्की. त्याला विचारलं, तर जमिनीकडे बघत म्हणाला, "आर्नी, का ते तुलाही माहीत आहे."

माहीत होतं. बाहत्तर साली आईला चोरीसाठी काढलं. शाळेच्या मागच्या दारानं कडीचा डबा घेऊन निघाली असताना धरली. डब्यात बटाटे आणि मटणाचा रस्सा. ती एक शब्द बोलली नाही. आमच्या घरी तर त्यातला एक बटाटाही कधी आला नव्हता. लोक म्हणाले, विकत असेल. मी अकरा वर्षांचा होतो, मीही तेच धरून बसलो. पुढे जन्मभर तिनं मोटेलच्या चादरी धुतल्या. नऊ वर्षांपूर्वी ती गेली, तोवर मी तिला एकदाही विचारलं नाही. याची मला लाज वाटते.

फलकावर नाही, तर नाही. बक्षीस मिळवलेल्या बाईच्या पुस्तकात तरी तिचं नाव यावं, असं मी ठरवलं.

"अकराशे डॉलर," मी म्हणालो.

लिलाव पुकारायला डेलच उभा होता. "आर्नी, बोली लावलीस की डास हाकललास?"

"बोली."

माझ्याविरुद्ध बोली लावणारा शिकागोचा एक वकील खाली बसला. जॉयस माझ्या कानाशी म्हणाली, "बोटीचं नवं इंजिन गेलं म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी मी मार्लिसच्या लाँड्रीत गेलो. ती चादरींच्या घड्या घालत होती. मी नाव सांगितलं. तिचे हात थांबले.

"हे नाव मला नाही घालता येणार."

माझं डोकं सटकलं. "दातवाल्याचं चालतं, आणि माझ्या आईच्या नावानं पुस्तक बाटतं?"

"आर्नी, तू माझं कुठलं पुस्तक वाचलंयस?"

"चाळलंय एक."

"कुठलं?"

"ते निळ्या कव्हराचं."

"निळ्या कव्हराचं एकही नाही," ती म्हणाली. "आधी वाच, मग भांडायला ये."

त्या शरदात मी वाचायला बसलो. पहिल्या पुस्तकाच्या चाळिसाव्या पानावर एक बाई कडीचा डबा घेऊन मागच्या दारानं निघाली, आणि मी चष्मा काढून ठेवला. दुसऱ्यात ती बोटीवर स्वयंपाकीण होती, तिसऱ्यात तुरुंगाच्या भटारखान्यात. पाच पुस्तकं, पाच नावं, बाई एकच. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवण्याआधी तो ॲप्रनला दोनदा पुसणारी. आणि प्रत्येक पुस्तकात डबा एकाच घरी पोचायचा: खाण बंद पडल्यावर दारूला लागलेला बाप, अंथरुणाला खिळलेली आई, तीन मुलं. ते घर कुणाचं, हे आमच्या गावात सांगावं लागत नाही.

"तुला माहीत होतं?" मी जॉयसला विचारलं.

"तिसऱ्या पुस्तकापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू वाचशील म्हणून थांबले होते. वीस वर्षं झाली."

मी पुन्हा लाँड्रीत गेलो. माझा चेहरा बघूनच मार्लिसनं दारावर 'बंद' लावलं.

"तिला काढलं तेव्हा मी ताट घेऊन रांगेत उभी होते," ती म्हणाली. "माझ्या आईनं बजावलं होतं, बोललीस तर सरकारी माणसं तुम्हा तिघांना उचलून नेतील. मी गप्प बसले. पुढे मोठी झाले, तरी गप्पच. बक्षीस घ्यायला उभी राहिले तेव्हा तिचं नाव ओठांवर आलं होतं. तेही गिळलं. मला दुसरं काही लिहिताच येत नाही आर्नी. पाच वेळा तेच लिहिलं, आणि पाचही वेळा नाव बदललं."

मला तिचा राग आला. खोटं कशाला बोलू, स्वतःचा त्याहून जास्त आला. ती निदान लिहीत तरी होती.

"तिचं खरं नाव घातलं, तर मला माझंही घालावं लागेल," ती म्हणाली. "बाबाचंही."

"घाल," मी म्हणालो. "पैसे भरलेत मी."

ती हसली, आणि मग रडली. मी तिच्या उरलेल्या चादरींच्या घड्या घातल्या. वाईट घातल्या.

या जूनमध्ये ते पुस्तक आलं. न्यूयॉर्कला पहिलं वाचन ठरलं होतं. मार्लिसनं कळवलं, पहिलं वाचन टॅमरॅकच्या जुन्या शाळेत, नाहीतर कुठंच नाही. सभागृह खचाखच भरलं. तिनं चष्मा लावला आणि पहिलं वाक्य वाचलं.

"एल्मा राउतिओनं आमच्या शाळेत एकोणीस वर्षं स्वयंपाक केला, आणि तिनं जे चोरलं ते मी खाल्लं, माझं नाव मार्लिस हौताला."

जॉयसनं माझा हात घट्ट धरला. मार्लिस पान उलटणार, तेवढ्यात डेल कोस्की उठून उभा राहिला. सत्तरीला टेकलेला, अग्निशमन दल तीस वर्षं चालवलेला माणूस, टोपी हातात धरून.

"आमच्याकडे मंगळवारी यायचा," तो म्हणाला.

"काय?" मार्लिसनं विचारलं.

"डबा. आम्ही सात भावंडं होतो." मग तो माझ्याकडे वळला. "मला सगळं माहीत होतं आर्नी. म्हणूनच मला ते नाव लिहवेना."

मागच्या रांगेतून एका म्हातारीचा आवाज आला, "आमच्याकडे गुरुवारी." खिडकीपाशी आणखी एक हात वर झाला. मग त्याच्या शेजारचा.

मार्लिसनं पुस्तक मिटलं. "मला वाटायचं, फक्त आमच्याच घरी," ती मला म्हणाली.

"मलाही आत्ताच कळतंय," मी म्हणालो. आईचा मला इतका अभिमान वाटला, की मी उभाच राहिलो. मार्लिस एकेक घर लिहून घ्यायला पेन्सिल शोधत होती.