विसाव्याची जागा

आमच्या शहरात चारांहून अधिक माणसांनी परवानगीशिवाय रस्त्यावर जमू नये, असा पोलीस आयुक्तांचा हुकूम असतो. त्याची मुदत पंधरा दिवसांची असते आणि ती संपली की नवा हुकूम निघतो. सुरतेत मी बावन्न वर्षे राहते आहे. यात कधी खंड पडल्याचे मला तरी स्मरत नाही. सभा भरवायची किंवा मिरवणूक काढायची, तर आधी अर्ज आणि मग परवानगी. मात्र हुकुमाच्या तळाशी बारीक अक्षरांत सवलतीही लिहिलेल्या असतात. लग्नाचा वरघोडा, म्हणजे आपली वरात, आणि स्मशानयात्रा यांना परवानगी लागत नाही.

हे वाक्य मला पाठ होते. महानगरपालिकेच्या मराठी शाळेची मी मुख्याध्यापिका होते, तेव्हा प्रभातफेरीचा अर्ज दरवर्षी मी स्वतः लिहीत असे. अर्ज कसा लिहावा हे मी दोन पिढ्यांना शिकवले. माझा एकही अर्ज कधी परत आला नव्हता आणि याचा मला अभिमान होता. तो किती होता हे आधी सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यातूनच घडले.

दगा माझा विद्यार्थी. तिसरी आणि चौथी तो माझ्या हाताखाली शिकला. शिंदखेड्याकडून आलेले ते कुटुंब. आधीची दोन मुले पाळण्यातच गेली, म्हणून याचे नाव दगा ठेवले. दगडू, धोंडू यांच्याच कुळातले हे नाव. दगडाला नजर लागत नाही, अशी त्याच्या आईची श्रद्धा होती. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कापड रंगवण्याच्या मिलमध्ये, मशीनचे झाकण उडाले आणि आतला उकळता रंग त्याच्या अंगावर आला. तिसऱ्या दिवशी तो गेला. मिलने पोलिसांना लिहून दिले, की या नावाचा कामगार आमच्या यादीत नाही, ठेकेदाराचा असल्यास माहीत नाही. ठेकेदाराने आपला फोन बंद ठेवला. अकरा वर्षे दगा त्या एकाच फाटकातून आत जात होता.

त्याची बायको उज्ज्वला सकाळीच माझ्याकडे आली. देह संध्याकाळपर्यंत ताब्यात मिळणार होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायचे होते. मिलमध्ये सांगून ठेवले होते, की उद्याच्या पाळीला जो येणार नाही त्याने परवाही येऊ नये. म्हणजे ज्यांच्याबरोबर त्याने अकरा वर्षे डबा खाल्ला, त्यांपैकी एकही जण खांदा द्यायला येऊ शकणार नव्हता. उज्ज्वला रडत नव्हती. ती म्हणाली, "त्यास्ना जोडीदार मजार शेतस, बाई. फाटकजोडे विसावा देवाना शे. इतलंच."

सोबती आत आहेत, फाटकापाशी विसावा द्यायचा आहे, इतकेच. घर आणि स्मशान यांच्यामध्ये तिरडी एकदा खाली टेकवतात, तो विसावा. तिथे खांदेकरी बदलतात. तिथलाच एक दगड उचलतात, तो जीवखडा. दहा दिवस त्या दगडालाच गेलेला माणूस मानून पाणी द्यायचे. आणि आमच्याकडे बायका तिथून मागे फिरतात. म्हणजे उज्ज्वलेला नवऱ्याचे शेवटचे दर्शन तिथेच व्हायचे होते. ती जागा फाटकापुढे असावी, एवढेच तिचे मागणे होते. फाटकाच्या गजांमधून सोबत्यांचे हात तिरडीला लागले असते. ज्यांनी त्याला ओळखले नाही, त्यांच्या दारात तो पाच मिनिटे राहिला असता.

मी तिला शब्द दिला.

दुपारी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा गणपत तिथे आला होता. गणपत आमच्या भागातल्या ठाण्यात शिपाई आहे. शाळेत तो दगाच्याच बाकावर बसायचा. त्या दिवशी तो साध्या कपड्यांत होता. त्याने मला बाजूला घेतले नाही, सगळ्यांसमोरच हात जोडून सांगितले. "बाई, अर्ज करूच नका. मयताला लागत नाही. न्या, पाच मिनिटं टेकवा, उचला. कोणी बघणार नाही. पण विचारलं, की मग वरच्याला उत्तर द्यावं लागतं."

मला राग आला. मी त्याला म्हटले, "गणपत, चौथीत शुद्धलेखनात तुला पन्नासपैकी नऊ मिळाले होते. मला अर्जाविषयी सल्ला देण्याइतका मोठा अजून झाला नाहीस तू."

त्या घरातही दोघे-तिघे हसले. गणपतही हसला. मी पुढे सुनावले, की माझ्या विद्यार्थ्याचा देह चोरीच्या मालासारखा नेला जाणार नाही. जे करायचे ते विचारून, उजळ माथ्याने.

दगाचा धाकटा भाऊ गोपाल गुजराती शाळेत शिकलेला. त्याने चार ओळींचा अर्ज गुजरातीत लिहूनच ठेवला होता. त्यात त्याने लिहिले होते, की स्मशानयात्रा जाताना मिलच्या दरवाजापाशी पाच मिनिटे विसामो राहील. विसावा आणि विसामो. दोन्ही भाषांत ती एकच गोष्ट. मी तो शब्द वाचला आणि मला तो अपुरा वाटला. फाटकापुढे मी स्वतः चार शब्द बोलणार होते. उज्ज्वला सकाळी येऊन गेल्यापासून ते मनात जुळवत होते. सुमारे दोनशे माणसे थांबून ऐकणार, तर अर्जात तसे स्पष्ट असले पाहिजे, असे मी धरून बसले. शिवाय त्या शब्दात मला दीनपणा दिसला. मी 'विसामो' खोडला आणि त्यावर 'श्रद्धांजली सभा' असे लिहिले.

गोपाल म्हणाला, की विसामोच राहू द्या, साहेबांना तो कळतो.

"विसामो थकलेल्याला असतो," मी म्हटले. "दगा थकून गेलेला नाही, गोपाल. त्याला मारले गेले आहे."

हे वाक्य मला फार आवडले होते.

ठाण्यात फौजदार साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवले. त्यांनी कागदाला हात घालण्याआधी मी तो लेखनिकाच्या टेबलावर नेला, आवक क्रमांक घालून घेतला, शिक्का मारून घेतला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. शिक्क्याशिवाय अर्ज हातात देऊ नये, हा माझा आयुष्यभराचा नियम. मग साहेबांनी अर्ज वाचायला घेतला. नावापाशी ते थांबले.

"दगा? किसने दिया दगा?"

टेबलावरचा लेखनिक हसला. मी त्या नावाचा अर्थ सांगितला. साहेबांनी माफी मागितली, आणि ती मनापासून होती. मग त्यांचे बोट त्या दोन शब्दांवर गेले. स्मशानयात्रेला कोणी अडवत नाही, ते हिंदीतच समजावू लागले, पण ही सभा आहे. सभेचा अर्ज काही दिवस आधी यावा लागतो. आयोजक कोण, वक्ते कोण, हे लागते. शिवाय मिलसमोरची जागा, म्हणून मिलची संमती लागते.

ज्याच्या दारात उभे राहायचे त्याचीच संमती. मी म्हटले, की मग मी तो शब्द काढते. साहेबांनी कागद माझ्याकडे फिरवून शिक्का दाखवला. नोंद झाली होती. आता या कागदाला उत्तर देणे त्यांना भाग होते, आणि उत्तर एकच होते. दुसरा अर्ज द्यायचा तर पहिला कशासाठी होता, हे त्यांना वर कळवावे लागले असते. लेखनिकाने 'नामंजूर' असे लिहिले आणि खाली एक ओळ जोडली: स्मशानयात्रा कोठेही न थांबता जाईल, याचा बंदोबस्त ठेवावा.

मला दारापर्यंत सोडायला साहेब उठले. "मॅडम," ते हळूच म्हणाले, "आपने पूछा ही क्यों?"

मी त्या घरी जाऊन नकाराचा कागद वाचून दाखवला. उज्ज्वलेने दोनदा ऐकला. तिने मला काही विचारले नाही. विसाव्याचे काय, हे तिने गोपालला विचारले, आणि गोपालने माझ्याकडे पाहिले.

सकाळी आठला निघालो. पुढे एक जीप आणि मागे एक. गणपत आज वर्दीत होता आणि पुढच्या खांदेकऱ्याच्या बाजूने चालत होता. शववाहिनी मिलपाशी नव्हे, तर पुढच्या मोठ्या रस्त्यावर, सिग्नलपलीकडे उभी करायला लावली होती. गोपाल मडके धरून पुढे होता. उज्ज्वला आणि गल्लीतल्या बायका तिरडीमागे होत्या, त्यांच्यात मी. माझ्या पर्समध्ये तो नकाराचा कागद होता आणि त्याच्या घडीत माझे भाषण.

मिलचे फाटक बंद होते. आतली माणसे चहाच्या सुट्टीत येऊन गजांना चिकटली होती. काही जण कापडाच्या ट्रॉल्यांवर चढून उभे होते. कोपरापर्यंत निळे, कोपरापर्यंत लाल असे हात गजांतून बाहेर आले. तिरडी त्यांच्यापासून आठ-दहा हातांवरून जात होती. खांदेकऱ्यांनी पावले इतकी आखूड केली, की ते जवळजवळ जागच्या जागीच पाय उचलत होते. गणपत समोर पाहत, ओठ न हलवता म्हणत होता, "चालत राहा, भाऊ. टेकवू नका. माझ्यावर येईल."

उज्ज्वलेने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

मी त्या वेळी रस्त्यात उभी राहू शकले असते. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पांढऱ्या केसांच्या बाईला, आपल्याला शुद्धलेखन शिकवणाऱ्या बाईला, गणपतने हात लावला नसता; साहेबांनीही लावला नसता. मी नुसती थांबले असते, तरी तिरडी थांबली असती. परंतु नकार लेखी होता. लेखी हुकूम मी आयुष्यात मोडला नव्हता, आणि त्या क्षणी तो मोडणे मला सुचलेसुद्धा नाही. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. मी चालत राहिले. आतून कोणी तरी "दगाभाऊ" अशी हाक मारली. मग भोंगा वाजला आणि हात एकेक करून आत गेले.

मोठ्या रस्त्याच्या सिग्नलला लाल दिवा लागला. हल्ली आमच्या शहरात पांढरी रेषा ओलांडायची कोणाची हिंमत नाही. खांबाखांबावर कॅमेरे आहेत. पुढची जीप रेषेवर थांबली. आतून हात बाहेर आला आणि त्याने आम्हाला थांबण्याची खूण केली. खांबावर आकडा होता नव्वद.

फाटकापुढे जे थांबणे गुन्हा होते, ते इथे कायद्याने सक्तीचे होते.

उज्ज्वला खांदेकऱ्यांना म्हणाली, "ठेवा."

तिरडी पादचाऱ्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवली. पुढचे मागे गेले, मागचे पुढे आले. शेजारी स्कूटरवरची माणसे गाडी बंद न करता पाहत होती. एकाने हात जोडले. जीवखड्यासाठी गोपाल इकडेतिकडे शोधू लागला, पण डांबरी रस्त्यावर दगड कुठून असणार. अखेर त्याने दुभाजकाचा फुटलेला कोपरा हाताने उपटला. सिमेंटचा ढेकळाएवढा तुकडा होता तो, एका अंगाला पिवळा आणि काळा रंग लावलेला. गणपतने पाठ फिरवली होती. त्याने टोपी काढून काखेत धरली होती आणि तो आकडा मोठ्याने वाचत होता, म्हणजे आम्हाला किती वेळ उरला ते कळावे. चाळीस. पस्तीस. उज्ज्वलेने पायांवर डोके ठेवले. वीस म्हणाला तेव्हा ती उठली. ती जिथे उभी होती तिथून मिल दिसत नव्हती.

मी भाषण काढले नाही.

हिरवा दिवा लागताच मागून गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. पुरुष पुढे गेले. बायका मागे फिरल्या आणि फाटकावरूनच घरी आल्या. फाटकात तेव्हा कोणी नव्हते.

दहा दिवस त्या पिवळ्या-काळ्या तुकड्याला पाणी दिले. रंगीत बाजू खाली करून ठेवली होती, असे गोपालने सांगितले.

तेराव्यानंतर उज्ज्वला माझ्याकडे आली. दगाची सायकल मिलच्या आवारात राहिली होती. ती मागायची होती. मी कागद घेतला, समास सोडला, उजव्या कोपऱ्यात तारीख घातली. ती समोर जमिनीवर बसली. खुर्चीवर बस म्हटले, तरी बसली नाही.

"मी सांगस तसंच लिखा, बाई," ती म्हणाली. "तुमना शब्द टाकू नका."

तिने सांगितले, मी लिहिले. माझ्या नवऱ्याची सायकल तुमच्या दारात उभी आहे. ती द्या. उज्ज्वला. त्यात विषय नव्हता, विनंती नव्हती, 'आपली विश्वासू' नव्हते. मी काहीही घातले नाही, काहीही खोडले नाही. कागद तिच्या हातात दिला आणि तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेले.

पहारेकऱ्याने तो आतही नेला नाही. या नावाचा माणूस इथे कामालाच नव्हता, तर त्याची सायकल इथे कशी असेल, असे तो म्हणाला. बोलताना तो बाजूला सरकला, आणि त्याच्या मागे, शेडच्या भिंतीला टेकवलेली, सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली ती सायकल आम्हा दोघींना गजांतून दिसत होती.