किती उंचीवर?

आमच्या घरात नवराबायकोची भांडणं जमिनीपासून तेरा किलोमीटर उंचीवर होतात. खाली तसं बरं चालतं. विश्राम विमानातून वरच्या हवेतलं बाष्प आणि ओझोन मोजतो. मी संगणकावर त्याच हवेचं मॉडेल चालवते, म्हणजे ती हवा पुढं काय करील ते गणितानं आधीच सांगते. ह्याच कामासाठी आम्ही नाशिक सोडून म्हैसूरला आलो. मी फटकळ आहे, हे संस्थेत शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या शनिवारी सकाळी बूट घालता घालता विश्राम म्हणाला, "रजनी, आज नको वाटतंय. उपग्रहाचं चित्र बघ. सरगूरच्या बाजूला ढग फुगतोय."

"उपग्रहाला ढगाचं नुसतं डोकं दिसतं," मी म्हटलं. "माझं मॉडेल सांगतंय, तो अकराच्या वर जाणार नाही. तुम्ही तेरावर असणार. भीती वाटत असेल तर तसं सांग."

शेवटचं वाक्य लागणारं होतं, आणि लागावं म्हणूनच मी ते बोलले. अशा ढगांच्या माथ्यावरून किती बाष्प वर निसटतं, ह्यावरून उपग्रहवाल्यांची आणि माझी कित्येक वर्षं जुंपलेली. निकाल विमानच लावणार होतं. मोसम संपत आला होता, आज टळलं की पुढच्या वर्षावर गेलं. विश्रामनं दुसरा बूट चढवला आणि तो निघून गेला.

दुपारी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. समोर आमची स्पृहा, दहावीतली, वह्या पसरून अभ्यास करत होती. सकाळच्या ताज्या नोंदी घालून मी मॉडेल पुन्हा चालवलं होतं. उत्तर आलं. ढगाचा माथा चौदाच्या वर! म्हणजे विमान ढगावरून जाणार नव्हतं, सरळ त्याच्या पोटात शिरणार होतं.

त्याच क्षणी फोन करायला हवा होता. मी केला नाही. आधी नोंदी तपासल्या, कुठं आकडा चुकला असेल म्हणून. मग मॉडेल आणखी एकदा चालवलं. फोन करायचा म्हणजे बाईंचं गणित तोंडावर आपटलं, हे मीच सगळ्या संस्थेला सांगायचं.

"आई, किती वेळ फोन उचलतेस आणि ठेवतेस," स्पृहा म्हणाली. "ज्याला करायचाय त्याला फोन कर ना."

विमानाशी बोलणं विमानतळावर बसलेल्या सुब्बरावांमार्फत व्हायचं. सुब्बराव इथल्याच जुन्या मराठी घरातले. त्यांचे आजोबा कापड रंगवायचे, हे आमची यंत्रं सांभाळतात. त्यांचं वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडात कधी शिरतं ते त्यांनाही कळत नाही. एरवी मला त्याची गंमत वाटते.

आवाज नीट येईना म्हणून मी स्पीकर लावला. "सुब्बराव, विमान कुठं आहे? विश्राम कुठं आहे?"

"अय्यो अक्का, काय सांगू... ढग लई मोठा आला, नोडी, बघा..." आवाज तुटला. मग खरखरीतून परत आला. "सर मेलेच आहेत. सगळे बी मेलेच."

टेबल, लॅपटॉप, स्पृहाचा चेहरा, सगळं जागच्या जागी होतं आणि मला काहीच दिसत नव्हतं. मग मला माझाच आवाज ऐकू आला. स्वच्छ, रोजचा, कामाचा आवाज.

"किती उंचीवर?"

"साडेतेरा, अक्का," सुब्बराव म्हणाले. "आता उतरायला लागलेत. ढग बघून सरांनीच वळवायला सांगितलं. तुम्हाला विचारलं नाही म्हणून बेजार करून घेऊ नका हं."

मला काही उमजेना. मेलेला माणूस विमान वळवायला कसं सांगेल?

"वर आहेत, आई," स्पृहा म्हणाली. ती इथंच वाढलेली, कन्नड तिला घरच्यासारखं. "कन्नडात मेले म्हणजे वर. बाबा वर आहे. जिवंत आहे."

फोन ठेवला आणि मी ढसाढसा रडले. रडता रडता हसलेही. बसमध्ये वरच्या फळीवर पिशवी ठेवायला सांगताना कंडक्टर हाच शब्द ओरडतो, रोज ऐकते मी. मी स्पृहाचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, पण माझा हात धरलाही नाही.

"बाबा गेला, असं वाटलं तुला?"

"हो गं."

"आणि मग तू उंची विचारलीस."

धक्का बसला की माणूस काहीही बोलतं, असं मी म्हणणार होते. पण ते काहीही नव्हतं. ढगानं विमान अकराच्या वर गाठलं असेल तर माझं सकाळचं गणित खोटं, खाली गाठलं असेल तर अजून खरं. माझा नवरा मेला होता आणि मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं. हे तिला सांगायची गरज नव्हती. जेवताना रोज हेच आकडे ऐकत ती मोठी झाली होती. मला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी विश्रामचा फोन आला. मी स्पीकर लावूनच तो उचलला.

"उतरलो गं. चांगलेच हादरे बसले, पण सगळे ठीक आहेत. सुब्बराव म्हणाले तुझा फोन आला होता. घाबरली होतीस का?"

स्पृहा टेबलापलीकडून फोनशी वाकली.

"हो बाबा, खूप घाबरली होती. तू बरा आहेस ना, एवढंच सारखं विचारत होती."

"वेडी कुठली," विश्राम म्हणाला. इतका सुखावलेला त्याचा आवाज मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

स्पृहानं वह्या गोळा केल्या आणि माझ्याकडे न बघता ती आत निघून गेली.