बदलीचा माणूस

राजेश घाडी मेला त्याला अकरा दिवस झाले होते, आणि ज्या एजन्सीने त्याला कामाला लावलं होतं, तिच्या चारकोपच्या ऑफिसात बसून राजेश घाडी कटिंग चहा पीत होता. चहा गोड आहे की अगोड, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. अकरा दिवस जिभेला चवच नव्हती.

मेला होता तो लवू, राजेशच्या मोठ्या बहिणीचा, प्रेमाताईचा नवरा. पण पोलिसांच्या कागदावर, हॉस्पिटलच्या कागदावर आणि स्मशानाच्या पावतीवरसुद्धा नाव राजेशचं होतं. लवूला मुलगा नाही, म्हणून अग्नी राजेशनेच दिला. पावती फाडताना कारकुनाने विचारलं, "मयत राजेश काशीराम घाडी, बरोबर?" राजेशने मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

झालं ते असं. गणपतीला गावी जायला मिळालं नाही तर कोकणी माणूस नोकरीवर पाणी सोडायलाही कमी करत नाही. राजेशच्या घरात त्यावर पिढीजात इलाज होता. बाप काशीराम गिरणीत होता, तेव्हा बदलीवर माणूस उभा करायचा आणि गावची वाट धरायची, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तीच रीत पोराने खोक्यांच्या कारखान्यात चालवली. दर गणपतीत कुणीतरी त्याचा गेटपास गळ्यात अडकवून कामावर जायचं. पासावरचा फोटो इतका पुसट होता की त्यात राजेशही राजेशसारखा दिसत नसे. एजन्सीचं कागदकाम बघणाऱ्या ॲनेट मॅडमना हे पक्कं ठाऊक होतं. नवा माणूस घ्यायचा म्हणजे फॉर्म, आधार, विम्याच्या यादीत नाव. दहा दिवसांसाठी एवढं कोण करत बसतं? "माणूस धड पाठव रे," एवढंच त्या म्हणायच्या.

यंदा लवूचं कुरियरचं काम सुटलं होतं. म्हटलं, घरातलाच माणूस आहे, त्याचेही चार दिवस निघतील. राजेशने त्याला सगळं नीट समजावलं. सुपरवायझरला रोज सलाम करायचा, कँटीनच्या भाजीला हात लावायचा नाही, चहाची घंटा झाली की पहिलं पळायचं. फक्त मालाच्या लिफ्टचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या मजल्यावर तिचं दार लिफ्ट आलेली नसली तरी उघडतं. पाच वर्षं तिथे खपलेल्या माणसाला ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली, की सांगण्यासारखी वाटतच नाही. चौथ्या दिवशी लवू भरलेली ट्रॉली ओढत मागे मागे सरकत गेला, त्याने पाठीनेच दार ढकललं आणि तो खाली गेला. त्या वेळी राजेश गावी आरतीत झांज वाजवत होता.

प्रेमाताई हॉस्पिटलात पोचली, तेव्हा एजन्सीचे मालक युस्टेस सर आधीच तिथे होते. "तुम्ही राजेशच्या बहीण ना? मग इथे सही करा, म्हणजे बॉडी लवकर देतील," ते म्हणाले. ती राजेशची बहीण होतीच. तिने सही केली. त्या दिवशी तिच्यापुढे कुठलाही कागद धरला असता तरी तिने सही केली असती.

युस्टेस सर मालाडचे, वयाने साठीतले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या घालता आल्या असत्या. आज त्यांनी राजेश, त्याची बायको निधी आणि प्रेमाताई अशा तिघांना बोलावून घेतलं होतं.

"हे बघ राजेश, सरळ बोलतो," ते म्हणाले. "विमा यादीतल्या माणसाचा असतो. यादीत तू आहेस, लवू नाही. तू मेलास तर निधीच्या नावाने क्लेम पास होईल, दोन-तीन महिन्यांत. तिने पैसे प्रेमाला द्यायचे, विषय संपला. लवू मेला म्हणालात तर विमावाले हात वर करणार. मग तुम्ही माझ्यावर केस टाकणार, मी वकील लावणार, आणि वर्षं जाणार यार. तोवर लवूची पोर काय खाणार?"

लवूची मुलगी गंधाली सातवीत होती.

"आणि मी?" राजेशने विचारलं.

"तू गावाला राहा. तिथे कोण विचारतंय?"

यावर काहीतरी बोलायला हवं, असं राजेशला वाटलं. पण गावाला राहणं काय आणि इथे राहणं काय, सगळं त्याला सारखंच दिसत होतं.

"पैसे सगळे ताईंचेच," निधी खालच्या आवाजात म्हणाली. "आम्हाला त्यातलं काही नको."

प्रेमाताई पंख्याखाली बसून होती. अकरा दिवस ती कशालाच नाही म्हणाली नव्हती. आत्ताही म्हणाली नाही.

क्लेमच्या फॉर्मला निधीचा फोटो लागणार होता. ॲनेट मॅडम तिघांना घेऊन खालच्या झेरॉक्सवाल्याकडे आल्या. त्याने मागे पांढरा पडदा लावून फोटोची सोय केलेली होती. निधी स्टुलावर बसली. मॅडमनी तिच्याकडे बघितलं आणि नजर चुकवली.

"गळ्यातलं काढ गं," त्या म्हणाल्या. "विधवेचा क्लेम आहे. फोटोत दिसलं तर विचारतील."

निधीने राजेशकडे पाहिलं. मग मंगळसूत्र डोक्यावरून काढून त्याच्या हातात ठेवलं. टिकली काढली आणि ती हरवू नये म्हणून भिंतीवरच्या आरशाला चिकटवली. मंगळसूत्र अजून कोमट होतं. राजेशने मूठ मिटली. आपल्याला रडू यायला हवं, हे त्याला समजत होतं. येत मात्र नव्हतं. अकरा दिवस आत सगळं नुसतं सुन्न होतं, आणि त्या सुन्नपणात एकच गोष्ट जागी होती, ते लिफ्टचं दार.

"समोर बघा वहिनी," झेरॉक्सवाला म्हणाला.

"थांब रे," प्रेमाताई म्हणाली.

इतक्या दिवसांत तिचा आवाज ऐकून सगळेच दचकले. तिने निधीला दंडाला धरून उठवलं. आरशावरची टिकली काढून तिच्या कपाळाला लावली, जराशी वाकडी लागली. मग ती भावाकडे वळली.

"कामाक तो तुझ्या बदली गेलो. मरणपण तुझ्या बदली कित्या? त्याचा मरण त्याच्या नावार लिवा."

"अगं प्रेमा, वर्षं जातील," ॲनेट मॅडम म्हणाल्या. "पैसे मिळतील की नाही, कोण सांगणार?"

"जाऊंदेत. गंधालीच्या बापाशीचा नाव खयच्याच कागदार नाय. उद्या तिका काय सांगू, बापूस खय गेलो म्हणान?" तिने मॅडमकडे रोखून पाहिलं. "तो बदलीक येता, ह्या तुमका ठावक होता. तेवढा लिवन देवा."

मॅडमनी चष्मा काढला. साडीच्या पदराने पुसून परत लावला. मग म्हणाल्या, "देते. नोकरी गेली तर गेली."

प्रेमाताई स्टुलावर बसली. तिचा गळा आणि कपाळ अकरा दिवसांपासून मोकळंच होतं, तिला काही काढावं लागलं नाही. झेरॉक्सवाल्याने पाकिटावर लिहायला नाव विचारलं.

"प्रेमा लवू मेस्त्री."

राजेशच्या हातातलं मंगळसूत्र निधीने घेतलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मूठ उघडायला त्रास होतोय. तळहातावर मण्यांचे वळ उठले होते. आणि मग त्याला रडू आलं, भर दुकानात, झेरॉक्सला थांबलेल्या माणसांसमोर.

"ताई," तो म्हणाला, "लिफ्टच्या त्या दाराचा माका ठावक होता. मी भावोजींका सांगूक इसारलंय."

"हलू नका," झेरॉक्सवाला म्हणाला.

प्रेमाताई हलली नाही. फोटो निघाला. मग ती स्टुलावरून उठली आणि भावाकडे न बघता म्हणाली, "ह्यापण लिवन दी."