पूल आधी डिपर मारणाऱ्याचा

बाबूसिंग राठोडनं तीस वर्षं गोरेगाव ते हिंगोली काळी-पिवळी जीप चालवली, आणि तीस वर्षांत त्याच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही. हे तो स्वतःच सांगायचा, कोणी विचारलं नाही तरी सांगायचा. पुढं चौघं, मागं बारा, टपावर दोन शेळ्या, असल्या गाड्या हाकल्या गड्यानं. सेनगावच्या अलीकडं ओढ्यावर एक पूल आहे, एका वेळी एकच गाडी मावेल असा. त्या पुलाचा कायदा एवढाच, की ज्यानं आधी डिपर मारला, पूल त्याचा. समोरच्यानं लाईट उघडझाप केली तर आपण गुमान थांबायचं. आपण आधी मारला तर मग समोर कोणी का असंना, गाडी घालायची. कुठल्या पुस्तकात हे लिहिलेलं नाही, पण त्या रस्त्यावरचा एकूण एक ड्रायव्हर पाळतो.

एकुलता एक पोरगा संतोष अठराचा झाला तेव्हा बाबूसिंगनं त्याला पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसवलं ते याच पुलाशी आणून. समोरून ट्रक येत होता. पोराचा पाय ब्रेककडं जाऊ लागला तसा बाप ओरडला, "थांबू नको, येड्या! डिपर मारला ना? मग घाल गाडी!" संतोषनं डोळे बारीक करून गाडी घातली, आणि ट्रक खरोखरच पलीकडं थांबला. त्या दिवशी बापलेकांनी हिंगोलीत दोन-दोन कप चहा पिला.

पुढं संतोष शिकला, पुण्याला कंपनीत लागला, शिलाशी लग्न झालं, दिपा झाली. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून नवरा-बायकोनं यंदाच्या मे महिन्यात पंधरा दिवस विलायतेला जायचं काढलं. सात वर्षांच्या दिपाला तांड्यात आजी-आजोबांकडं आणून सोडलं. रुक्माबाईला, संतोषच्या याडीला म्हणजे आईला, हे काही पटलं नव्हतं. "तीर्थाला जावं तर समजलं. तिकडं कोण बसलंय तुमचं?" असं ती पोराला म्हणाली, आणि रागं-रागं त्याच्या पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीचं पुडकं कोंबलं.

चौथ्या दिवशी संतोषचा व्हिडिओ कॉल आला. मागं स्टेशन दिसत होतं, काचेच्या छपराचं. हातात फोन घेऊन तो गरागरा फिरवून दाखवत होता.

"बा, लंडनहून आठ तास आगगाडीनं आलो बगा. हे इन्व्हरनेस, स्कॉटलंडमधलं. हितनं पुढं डोंगरात आगगाडी फारशी न्हाई, भाड्याची गाडी घेतली. मीच चालवणार. चार दिवस डोंगरातनं, समुद्राच्या कडंकडंनं हिंडायचं, ग्लासगो म्हणून गाव हाय तिथं गाडी सोडायची, अन् परत आगगाडीनं लंडन."

"सोडायची म्हंजे? परत कोण आणंल?"

"कोणी न्हाई. तिथंच त्यांचं ऑफिस हाय. चावी दिली की झालं."

"अन् रिकामी फेरी कोणाच्या बोकांडी?"

संतोष खदखदून हसला. बाजूला शिला पण हसली. बाबूसिंगला मात्र ही तऱ्हा काही केल्या डोक्यात शिरेना. त्याच्या तांड्यात भाड्याची गाडी निघताना चाकाखाली लिंबू ठेवतात, आणि परत आली की सेवालाल महाराजांच्या देवळापुढं नारळ फोडतात. नारळ फुटल्याशिवाय फेरी पुरी झाली असं कोणी म्हणत नाही. जी गाडी परत यायचीच नाही तिचा नारळ कुठं फोडायचा? रुक्माबाईनं तर कपाळालाच हात लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी संतोषचा आवाजी निरोप आला. "बा, रस्ते लय अरुंद हायेत. एकच गाडी मावते, समोरून कोणी आलं की मोठी तकलीफ, काय करावं? आपल्या ओढ्यावरचा पूल असा चाळीस किलोमीटर लांब केल्यावानी!"

बाबूसिंग लिंबाखाली बाजेवर बसला होता. शेजारी दोन-तीन म्हातारे होते. विलायतेतला पोरगा रस्त्याचं काही विचारतोय आणि ते आपल्याला विचारतोय, या आनंदानं तो फुगून टम झाला. फोन तोंडाजवळ धरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो बोलला. काय बोलला ते पुढं येईलच. उत्तर लगेच आलं, आणि त्यानं ते म्हाताऱ्यांना दोनदा ऐकवलं.

त्याच दिवशी रात्री शिलाचा भाऊ प्रेमदास हिंगोलीहून मोटरसायकलवर आला. तिकडच्या दवाखान्यातून शिलाचा फोन त्याला आला होता. संतोष गेला होता. डोंगरातल्या एका अरुंद पुलावर लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक समोरून आला आणि संतोषची बाजू कापत गेला. शिलाचा हात मोडला, जीव वाचला.

देह यायला एकोणीस दिवस लागले. एकोणीस दिवस रुक्माबाई उंबऱ्यावर बसून होती. हैदराबादपर्यंत विमान, तिथून अॅम्बुलन्स. ड्रायव्हर तेलंगणातला, त्याला पुढचा रस्ता ठाऊक नव्हता, म्हणून बाबूसिंग स्वतःची जीप घेऊन वारंगा फाट्यावर जाऊन थांबला आणि तिथून तांड्यापर्यंत पोराच्या पुढं-पुढं गाडी चालवली. ओढ्यावरच्या पुलाशी आल्यावर समोरून टेम्पो येत होता. बाबूसिंगनं सवयीनं डिपर मारला. टेम्पो थांबला. जीप आणि मागची अॅम्बुलन्स पूल ओलांडून गेल्या.

शिला गळ्यात हात बांधून आली होती. अपघात कसा झाला, असं ज्यानं त्यानं विचारलं. "समोरून ट्रक आला," एवढंच ती सांगायची. बाबूसिंगनं ड्रायव्हरच्या रीतीनं खोदून-खोदून विचारलं. स्पीड किती होता? ब्रेक लागला का? ट्रक किती लांबून दिसला? ती मान खाली घालायची. तिच्या गप्प बसण्याचा तांड्यानं लगेच अर्थ लावला. हिनंच हट्ट केला असणार. आगगाडीनं बराबर चालले होते, हिलाच गाडी पाहिजे होती. खरं म्हणजे गाडीची हौस संतोषची होती, ड्रायव्हरचा पोरगा तो. पण मेलेल्याला कोण बोलतं?

तेराव्याचं जेवण उठलं आणि शिला दिपाची पिशवी भरायला लागली. रुक्माबाईनं ती पिशवी हिसकावली.

"लेकरू हितंच राहील. ज्या गाडीला परत यायचंच न्हाई, त्या गाडीत बशिवलं माझ्या पोराला. धडधाकट नेला अन् पेटी आणली. दुसरं लेकरू तुझ्या हाती देऊ व्हय?"

शिला म्हणाली, "माझी पोरगी आहे ती." तिचं कोणी ऐकलं नाही. तांड्याचा नाईक खेमा, तो दुसऱ्या दिवशी बैठक बसवून निकाल देणार असं ठरलं. निकाल काय लागणार ते सगळ्यांना आधीच माहीत होतं.

सकाळी शिला ओसरीवर एका हातानं दिपाचे केस विंचरत बसली होती. बाबूसिंग जवळ जाऊन बसला. दिपाला त्यानं करडं बघायला पाठवलं.

"शिला, एकच सांग. डिपर कोणी मारला व्हता?"

शिलाच्या हातातला कंगवा खाली पडला.

"नका विचारू, मामा."

"मी इचारून राहिलो ना. सांग."

दिपा लांब गेल्याची तिनं खात्री केली. मग म्हणाली, "पुलाच्या ह्या बाजूला आम्ही, त्या बाजूला ट्रक. ह्यांनी डिपर मारला अन् गाडी घातली. मी म्हटलं, थांबा जरा. तर म्हणाले, बा म्हणतात थांबायचं न्हाई. नंतर दवाखान्यात पोलिसांनी सांगितलं, तिकडं उलटं असतं मामा. तिकडं लाईट मारणारा थांबतो अन् समोरच्याला वाट देतो. तो ट्रकवाला म्हातारा येऊन माझ्या पायाशी रडला. गाडीवाल्यानं लाईट मारून मला वाट दिली म्हणून मी आलो, असं म्हणत होता."

बाबूसिंगला याचा संशय आला नव्हता असं नाही. पोराला जाळून आल्यापासून त्याच्या मनात हीच पाल चुकचुकत होती, म्हणून तर तो स्पीड विचारायचा, ब्रेक विचारायचा, आणि डिपरचं तेवढं विचारायचा नाही.

"तू काहून सांगितलं न्हाई?"

"आत्याबाई मला शिव्या देऊन तरी उभ्या आहेत. मी काय, जाईन निघून. तुम्हाला दोघांना एका घरात राहायचंय. तुम्ही बी बोलू नका."

ती असं बोलली, आणि ह्या माणसाला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. लाज वाटली ती त्याच्या नंतर.

बैठक लिंबाखाली बसली. खेमा नाईक मधोमध, बायका ओसरीवर, प्रेमदास एका कडेला रुमाल चोळत. रुक्माबाईनं सगळं पुन्हा सांगितलं, शिलाची हौस, ती परत न येणारी गाडी, ती पेटी. शिला खाली बघत उभी. आणि हा तीस वर्षांचा बिनअपघाती ड्रायव्हर, तोंडात बोळा कोंबल्यासारखा, बाजेच्या दोरीशी खेळत बसला. बोल की रे बाबा! एवढं मोठ्यानं बोलणारा तू, विलायतेपर्यंत ऐकू जायचं तुझं!

खेमानं खाकरून निकाल दिला. पोरगी राठोडाच्या घरची, इथंच राहील. आईनं वाटेल तेव्हा येऊन भेटून जावं. रुक्माबाई उठली आणि दिपाचा दंड धरून ओढू लागली. दिपानं आईच्या गळ्यातली हाताची झोळी दोन्ही मुठींनी धरली. मोडलेला हात हिसकला गेला. शिला कळवळून खाली बसली. तिनं एकदा बाबूसिंगकडं बघितलं, आणि मान हलवली. नका बोलू, अशी.

ते मात्र त्याला सोसलं नाही. तो उठला, खिशातून फोन काढला, आणि त्या दिवशीचा निरोप लावला. त्याचा स्वतःचा आवाज लिंबाखाली घुमला, ठणठणीत, खुशीत:

"थांबू नको, येड्या! आपल्या पुलावर करतो तसं कर. आधी डिपर मार अन् घाल गाडी. समोरचा थांबतोच. बाप सांगून राहिला ना तुझा?"

मागं म्हातारे हसल्याचा आवाज. मग संतोष:

"व्हय बा. तुमी शिकवलं तसंच करतो. याडीला सांगा, चटणी संपली. दिपीला एक पापा."

बाबूसिंग म्हणाला, "तिकडं डिपर मारणारा थांबतो. मला ठावं नव्हतं. तरी सांगितलं. पोरानं माझं ऐकलं. हिनं थांबा म्हणलं व्हतं."

रुक्माबाईच्या हातातून दिपाचा दंड सुटला. खेमा नाईक काही बोलला, पण ते कोणी ऐकलं नाही. बैठक आपोआप मोडली. दुपारी प्रेमदासनं बहिणीला आणि दिपाला रिक्षात बसवून हिंगोलीच्या स्टँडवर नेलं. निघताना शिला सासूच्या पाया पडली. सासूनं पाय मागं घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. दिपा रिक्षाच्या मागच्या काचेतून हात हलवत राहिली.

सगळे गेल्यावर रुक्माबाई ओसरीवर आली आणि नवऱ्यासमोर बसली. पोराला जाळल्यापासून पहिल्यांदा ती त्याच्या एवढ्या जवळ बसली होती.

"परत लावा," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या पोराचा आवाज."

बाबूसिंगनं फोन काढला आणि बोटानं खालचा निरोप शोधू लागला. तिनं त्याचं मनगट धरलं.

"तेवढाच न्हाई. पयल्यापासून लावा."

"रुक्मे, माझं कशाला..."

"पयल्यापासून."

आता रोज दिवेलागणीला ती अंगणातलं झाडून घेते, हातपाय धुते आणि येऊन बसते. नुसती फोनकडं बघते. बाबूसिंग खिशात हात घालतो.

"थांबू नको, येड्या!" त्याचाच आवाज अंगणात ओरडतो.