टोपीआड राहिलेला सूर

मी एक जुना नादकाटा, आणि भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पोलादाचा असून भितो. हसायचं तर हसा, मित्रांनो.

भट्टीतून निघालो तेव्हा मला दोन दांडे आणि एक सूर मिळाला. तो मी आजवर बदललेला नाही. हेलसिंकीच्या विद्यापीठात स्वीडिश बोलणाऱ्या मुलींचा एक गायनवृंद आहे. फिनिश बोलणाऱ्या या शहरात ट्राममध्ये स्वीडिशमध्ये हसलं तरी माना वळतात, म्हणून त्या मुली गाताना जास्तच ताठ उभ्या राहतात. डीसा त्यांना गाणं शिकवते. तरुणपणी ती याच वृंदात गायची, तेव्हापासून मी तिच्या कोटाच्या खिशात, खारट गोळ्यांच्या डबीशेजारी. ती मला गुडघ्यावर आपटते, कानाशी धरते आणि मुलींना सूर देते. टाळ्या मुलींना मिळतात. मला कोण विचारतो?

गेल्या हिवाळ्यात ती मला कानामागच्या हाडावर दाबू लागली. हवेतून माझा आवाज तिला येईना, हाडातून यायचा. तिने कुणाला सांगितलं नाही. थरथरणं हा माझा धंदाच, पण ही थरथर भीतीची होती.

"डीसा, फोनमध्ये सूर मिळतो गं. हा चिमटा कशाला?" एकदा कॉफीच्या सुट्टीत तूवे म्हणाली. वृंदातला सगळ्यात खालचा आवाज तिचा.

"तू आधी घसरायचं थांबव, मग माझ्या चिमट्याचं बघ."

खालच्या आवाजाच्या मुली गाता गाता सूर उतरवतात. डीसाच्या लेखी याहून मोठं पाप नाही.

त्याच दिवशी, कोट खुंटीवर असताना, वृंदाची प्रमुख इल्वा कुजबुजली, "ल्यूसियाच्या सणाला डीसाची चूक झाली तर नवी बाई आणायची." मी खिशात होतो. ऐकलं, पण सांगणार कसं?

ल्यूसियाचा, डिसेंबरातल्या दिव्यांच्या सणाचा, दिवस आला. चर्चच्या ओसरीत पांढऱ्या झग्यातल्या मुली मेणबत्त्या घेऊन गारठत उभ्या. डीसाने मला आपटलं आणि हाडावर दाबलं. पण डोक्यावर जाड लोकरी टोपी होती. मी जीव तोडून वाजलो. लोकरीने सगळं गिळलं. मुली बघत होत्या. पुन्हा आपटायला ती घाबरली. तिने अंदाजाने सूर दिला. फार वरचा. आणि दार उघडलं.

तिसऱ्या कडव्यात सगळ्यात उंच जागा येते. वरच्या आवाजाच्या मुलींचे चेहरे पांढरे पडले. आता भर चर्चमध्ये आवाज फाटणार आणि डीसाचं संपणार. तेवढ्यात तूवे घसरली. मुद्दाम. केसाकेसाने. शेजारच्या तिच्यामागे, मग सगळ्याच. तिसरं कडवं आलं तेव्हा गाणं जागेवर होतं.

नंतर ओसरीत तूवेने डीसाची टोपी काढली.

"ही काढायची असते."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच आहे. तुला वाटलं आम्हीपण बहिऱ्या?"

इल्वा बुटांकडे बघत राहिली. तूवेने मला स्वतःच्या गुडघ्यावर आपटलं, डीसाच्या हाडाला लावलं. "येतंय?"

डीसाने मान वळवली. मग म्हणाली, "या बाजूने नाही. दुसरीकडे थोडं."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती खरं बोलली.

इल्वाने अजून काही ठरवलेलं नाही. मी अजून भितो. मित्रांनो, ज्यांच्याकडून तुम्ही सूर घेतलात त्यांचे कान थकले, तर त्यांच्यासमोर फोन नाचवू नका. टोपी काढा. आणि पुन्हा एकदा वाजवा.