वीतभर डावीकडे

लेम्पीने बाण टोकावर उभा केला आणि दोन बोटांनी भोवऱ्यासारखा फिरवला. पात्याच्या मुळाशी किंचित थरथर दिसली.

"हा नको. पातं तिरकं बसलंय," ती म्हणाली.

"अगं, केसाएवढं असेल!" रूडी म्हणाला. उद्या एक ऑक्टोबर, धनुष्याच्या शिकारीचा पहिला दिवस, आणि शेजारच्या रूडीला दरवर्षी जाग यायची ती आदल्या दिवशी. "हरणाला काय कळतंय?"

"हरणाला नाही कळत. वाऱ्याला कळतं."

"बाण करून घ्यायला आलो की प्रवचनाला, तेच समजत नाही इथे."

लेम्पी हसली. तिने टोक दिव्यावर धरून डिंक सैल केला, पातं जरासं वळवलं आणि पुन्हा फिरवून पाहिलं. आता बाण गुमान उभा राहिला.

तलावाकाठच्या या वस्तीतले शिकारी तीस वर्षं तिच्याच हातचे बाण वापरत होते. बाण देताना ती प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायची. सरावाचं टोक गुळगुळीत असतं, पेन्सिलीसारखं. हात चुकला, बाण धनुष्याला जुळत नसला, तरी मागची पिसं सगळं सांभाळून घेतात. शिकारीचं पातं रुंद असतं, तीन धारांचं. ते म्हणजे पुढे बसलेला पंखच. बाणात जरा खोट असली की ते वारा धरतं आणि बाणाला आपल्या मनाप्रमाणे नेतं. म्हणून जी पाती घेऊन रानात जायचं, तीच आधी घरी मारून पाहायची.

"आर्विडने पाहिली का मारून? की नवऱ्याला सूट?" रूडीने विचारलं.

"पाहिली म्हणतो."

"म्हणतो?" रूडीने तिच्याकडे पाहिलं आणि पुढची थट्टा गिळली.

तो गेल्यावर लेम्पी घरामागच्या गवताच्या गंजीकडे गेली. आर्विड तिथे रोज सराव करायचा. मधोमध गोल भोकांचा तळहाताएवढा पुंजका होता. तिथून वीतभर डावीकडे तीन चिरांचं एक भोक होतं. एकच. कुणीतरी अंगठ्याने गवत दाबून ते बुजवायचा प्रयत्न केला होता.

ती बराच वेळ तिथे उभी राहिली. तलावावरून वारा येत होता.

तिला ऑगस्टपासून ठाऊक होतं. खुंटीवरच्या धनुष्याचा ताण ठरवणारे दोन्ही बोल्ट चार-चार फेरे सैल केलेले तिने पाहिले होते. जन्मभर लाकूडतोड केलेला आर्विडचा उजवा खांदा वसंतापासून निकामी होत चालला होता. कॉफीची किटली तो डाव्या हाताने उचलायचा. याबद्दल तो अवाक्षर बोलला नव्हता. धनुष्य मऊ केलं, बाण मात्र जुनेच ठेवले, ताठ, भरल्या ताकदीच्या धनुष्याचे. मऊ धनुष्यावरून ताठ बाण डावीकडे जातो. सरावाच्या टोकाने ते लपलं. पात्याने एका फटक्यात दाखवलं. आणि आर्विडने तो दोष हाताचा मानला, दुसरा बाण मारलाच नाही.

उजवीकडे तोंड करून उभ्या हरणाला वीतभर डावीकडे लागलं तर फुप्फुस चुकतं आणि पोट फुटतं. पोट फुटलेलं हरीण लवकर मरत नाही.

तिने शेडचं दार लावून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत सहा नवे, कमी ताठ बाण केले. ते फडक्याखाली ठेवले. ते हातात देणं म्हणजे तुझा खांदा गेला हे मला कळलंय, असं सांगणं होतं.

जेवताना तिने विचारलं, "पाती कशी गेली?"

"सरळ."

"सगळी?"

"सांगितलं ना, सरळ." त्याने डाव्या हाताने कॉफी ओतली. "ब्रेड दे."

तिने वेलदोड्याचा ब्रेड पुढे सरकवला.

चाळीस वर्षांचा तिचा नेम होता. पहाटे बायबलातल्या शुभवर्तमानाचा अध्याय पुरा होईपर्यंत ती तोंडातून शब्द काढत नसे. त्या पहाटे आर्विड नेहमीपेक्षा लवकर खाली आला. ती पुस्तकाशी बसली होती. त्याने क्षणभर तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि धनुष्य घेतलं. तेवढ्यात नेम मोडता आला असता. देव रागावला नसता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने डोळे ओळीवरून उचलले नाहीत. नेमाआड लपायची तिची ही पहिली वेळ होती. बाहेर गाडी सुरू झाली. एकच ओळ तिने तीनदा वाचली, आणि अध्याय संपल्यावर रिकाम्या स्वयंपाकघरात म्हणाली, "आर्विड, थांब."

दहा वाजता तो परत आला. त्याने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर बाण ठेवला. दांडीला पोटातला हिरवट काळा चिकटा होता. वास खोलीभर पसरला.

"तोंड कुठे होतं त्याचं?" तिने विचारलं.

"उजवीकडे."

"किती वाजता?"

"साडेसातला."

"मग दीडपर्यंत हलायचं नाही. आत्ता गेलो तर ते आणखी पळेल."

दोघं समोरासमोर बसले. घड्याळ फार हळू चाललं होतं.

"गंजीतलं भोक मी पाहिलं होतं," ती शेवटी म्हणाली. "बोल्टही पाहिले होते. शेडमध्ये सहा नवे बाण करून ठेवलेत."

आर्विडने मान वर केली. "कधी केलेस?"

"काल."

"मग दिले का नाहीस, बाई?"

"तू सरळ गेली म्हणालास."

"हो. म्हणालो मी तसं." त्याने बाणाखालचं वर्तमानपत्र सरळ केलं. "सकाळी तरी बोलायचंस."

"वाचत होते."

"हो. वाचत होतीस खरी."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

दीड वाजता ते देवदारांच्या दलदलीत शिरले. आर्विड पुढे वाकून माग काढत होता. प्रत्येक थेंबापाशी लेम्पी फांदीला कागदाची पट्टी बांधत होती. पट्ट्यांमधलं अंतर वाढत गेलं. एका ठिकाणी शेवाळ दबलेलं होतं. आर्विडने त्यावर तळवा ठेवला.

"ऊब आहे अजून. आपली चाहूल लागून उठलं असणार."

पुढे काळं पाणी लागलं. पाण्यावर रक्त दिसत नाही. वर डोमकावळे घिरट्या घालत होते, पण खाली उतरत नव्हते. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं तसा पलीकडे कुठेतरी कोल्हा ओरडला. मग दुसरा, जवळून. आर्विड घाईने पुढे गेला आणि गुडघ्यांवर पाण्यात कोसळला. उठायला त्याने उजवा हात टेकला, पण हाताने भार घेतला नाही. लेम्पीने हात पुढे केला. त्याने तो धरला.

"ते जिवंत आहे, लेम्पी."

"हो."

"आणि त्यांना वास लागलाय."

"हो."

उजेड सरत आला होता. ते मागे, शेवटच्या थेंबापाशी आले. आर्विडने खिशातून परवान्याची चिठ्ठी काढली. वर्षाला माणशी एकच मिळायची; ती वापरली की त्या वर्षाची शिकार संपली. मेलेल्या हरणाच्या शिंगाला, तिच्यावर छापलेला महिना आणि तारीख कापून, ती बांधायची असते. हरीण हाती आलं नव्हतं. चिठ्ठी कोरी ठेवली असती तरी कुणी त्याला विचारलं नसतं. सगळा मोसम पुढे पडला होता. त्याने चाकू उघडला. ऑक्टोबरवर एक खाच पाडली, एक तारखेवर दुसरी. मग देवदाराच्या फांदीभोवती दोरी गुंडाळू लागला, पण उजवा हात तेवढा वर जाईना.

त्याने चिठ्ठी तिच्याकडे दिली.

लेम्पीने ती फांदीला बांधली आणि गाठ पक्की बसली का, ते ओढून पाहिलं.