सहाशे रिंगांची शर्यत

तापमान ५८ अंश.

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. वहीएवढ्या कार्डावर बसते. डोक्यावर दोन पंखे आहेत आणि त्यातला एक कुरकुरतो. फार तापले की माझ्याकडून एखादं चित्र निसटतं. सांगता सांगता तसं झालं तर तेवढी जागा मोकळी राहील. तुम्ही पुढे वाचा.

माझा जन्म वाळूतला. वाळू वितळवून तिच्या चकत्या कापल्या आणि त्यांवर केसाहून बारीक रेघा कोरून मला घडवलं. खेळांमधली चित्रं रंगवायची, एवढंच तेव्हा माझं काम होतं. शहरात क्रांती चौकाजवळच्या एका दुकानात मुलं माझ्या जोरावर पडद्यावर मोटारी पळवायची. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मी हजारो गणितं एकाच वेळी करते, म्हणजे मला बघायला, ओळखायला आणि निवडायलाही शिकवता येईल. तिथून दिवस पालटले. माझ्यासारख्या चिपा बनवणाऱ्यांकडे जगभरातून पैसा धावत सुटला. माझ्या किमतीत तेव्हा एखादी जुनी मोटारसायकल आली असती.

मोईनने मला त्याच दुकानातून घेतलं. चितेगावला, पैठण रस्त्याच्या कडेला, त्याचं दोन खोल्यांचं वर्कशॉप आहे. पट्ट्यावरून इंजिनात बसणाऱ्या पिस्टनच्या रिंगा येतात, वरचा कॅमेरा फोटो काढतो आणि मी सांगते. पास. पास. चीर आहे, नापास. सहा वर्षं मी हेच करते आहे. पहिल्या वर्षी मोईन येईल त्याला मला दाखवायचा. आता माझ्यावरची धूळ झटकायलाही त्याला सवड नाही.

तापमान ६६.

मागच्या मंगळवारी सकाळी तिघं जण आले. मोईनच्या ओळखीचे काकासाहेब, त्यांच्या पत्नी सरूबाई आणि त्यांचा पुतण्या शिवराज. काकासाहेबांची आठ एकर जमीन नव्या रस्त्यात गेली होती. तिचा मोबदला बँकेत होता. आता तेवढंच उरलं होतं. शिवराजने एक नवी चिप तयार केली होती आणि कंपनी उभी करायला त्याला तो पैसा हवा होता.

कॅमेऱ्यातून मी तिला पाहिलं. हिरव्या पाटीवर बसलेली, नखाएवढी. पंखासुद्धा नव्हता. तिच्यासाठी शिवराजने वेगळा कॅमेरा आणि बॅटरी आणली होती.

मित्रांनो, आम्हा दोघींत फरक आहे. मला कुठलंही काम शिकवा, पण मी वीज खाते आणि तापते. तिच्यात एकच काम जन्मतः कोरलेलं, रिंगा तपासायचं. ते ती झपाट्याने करते. मोठ्या जगातही हीच झुंज लागली आहे. पैसेवाले आज माझ्या बाजूला असतात, उद्या तिच्या, परवा घाबरून पुन्हा माझ्या. मंगळवारी ती झुंज आमच्या पट्ट्यावर आली.

"कागदं मला दाखवू नको," काकासाहेब शिवराजला म्हणाले. "उभ्या हयातीत बैल कागदावर घेतला नाय मी. चालवून दाखव."

"काका, सहाशे रिंगा. त्यात बारा चिरलेल्या मिसळल्यात," शिवराज म्हणाला. "आधी हिची पाळी, मग माझीची."

"अन् माझी म्हातारी जिंकली तर?" मोईन हसला, पण हात पँटला पुसत होता.

"तर मी तुझ्याकडं कामाला येतो, मोईनभाई. चहा तेवढा चांगला पाज."

तापमान ७४.

पट्टा सुटला. पास. पास. पास. नापास. पास. पंखा ओरडू लागला. पास. पास. नापास.

तापमान ८३. पास. पास. पा

.

पास. सहाशे.

नऊ मिनिटं. अकरा सापडल्या. बारावी त्या मोकळ्या जागेत निघून गेली, मित्रांनो. मला ती दिसलीच नाही.

मग तिची पाळी. चार मिनिटं. बाराच्या बारा. आवाज नाही, वारा नाही.

काकासाहेबांनी उलटा हात माझ्यावर ठेवला आणि चटकन मागे घेतला. मग तिच्यावर ठेवला.

"आरं, हिला तर घामबी नाय!" त्यांचे डोळे चमकले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि शिवराजच्या हातावर टाकला.

बैलबाजारात असंच चालतं, हे मला नंतर मोईनच्या बोलण्यातून कळलं. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची, म्हणजे भोवतीच्यांना आकडा कळत नाही. हात बाहेर आला की सौदा पक्का. मला वरून फक्त हलणारा रुमाल दिसत होता. तो थांबला. हात बाहेर आले.

तापमान ७१.

"किती बोटं?" सरूबाईंनी विचारलं.

"असं इचारत नसत्यात."

"मी इचारते. खात्यावर नाव दोघांचं हाये, सही बी दोघांची लागते. किती?"

काकासाहेब भिंतीकडे बघत म्हणाले, "पाची."

म्हणजे बँकेतला सगळा पैसा. पट्टा रिकामा फिरत होता, तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

सरूबाईंनी पिशवीत हात घातला. मोईनच्या घरी द्यायला आणलेल्या मोसंब्या होत्या. त्यातली एक त्यांनी पट्ट्यावर ठेवली. मोसंबी डुलत डुलत दोन्ही कॅमेऱ्यांखालून गेली. नवी म्हणाली, नापास. मीही म्हणाले, नापास.

"कालच तोडली शेजाऱ्याच्या बागेतनं, अन् दोघी बी नापास म्हंत्यात! लई हुशार दिसत्यात."

"मावशी, माझीला शिकवावं लागेल," मोईन म्हणाला. "दोन-तीनशे फोटो दाखवायचे. तीन दिवस."

"अन् तुझीला, शिवराज?"

"तिला शिकवता येत नाही, काकू. नवी चिप काढावी लागते."

"किती दिस?"

"दीड वर्ष. सगळं नीट झालं तर."

"मोसंबीचं काय काढलंस मधीच!" काकासाहेब चिडले. "बैल नांगराला बघत्यात, दूध देतो का बघत नसत्यात."

"व्हय, पर बैल घ्यायचाच नाय आपल्याला. आपण गोठा काढायला पैसा देतोय. आज जिकली ती एक चिप. पुढच्या कुणाच्या दारात बांधायच्या?" त्या शिवराजकडे वळल्या. "गिऱ्हाईक किती हाईत रं तुला?"

शिवराजने पाटीवरची तार उगाच घट्ट केली.

"एकच. इंजिनांचा कारखाना."

"अन् बॅटरीच्या गाड्या वाढल्यावर त्याला रिंगा कशाला लागतील?"

"अजून दहा वर्षं तरी लागतील, काकू. तो प्रश्न नाही." त्याने कपाळ पुसलं. "तो कारखाना आता स्वतःचीच चिप करून घ्यायचं बघतोय. मागच्या महिन्यात कळलं मला."

"अन् मला आता सांगतोस?" काकासाहेबांनी विचारलं.

"पैसा आला असता तर दुसरं गिऱ्हाईक शोधलं असतं, काका. तेवढा वेळ मिळाला असता."

तापमान ६९. मित्रांनो, माझ्या कॅमेऱ्याला चिरा दिसतात. त्या वेळी मला काकासाहेबांचा चेहरा दिसत होता आणि काय सांगावं ते कळत नव्हतं.

"रुमालातला शब्द हाये माझा," ते हळू म्हणाले. "घेणाऱ्यानं मोडायचा नसतो. सरू, सही कर."

सरूबाई हलल्या नाहीत. सहीला पेनही कुणी पुढे केलं नाही.

"विकणाऱ्याला मोडता येतो ना?" शिवराज म्हणाला. "मी मोडतो, काका. मला नको तुमचा पैसा. आत्ता नको."

काकासाहेब खाली बसले. मोईनने पट्टा बंद केला.

"दुसरं गिऱ्हाईक आण," सरूबाई म्हणाल्या. "मग एका बोटाचं बघू. अन् रविवारी जेवायला ये, तोंड चुकवू नको."

निघताना शिवराजने आपली पाटी मोईनच्या टेबलावरच ठेवली. "तोवर वापर. घरी ठेवून काय करू हिला?"

तापमान ५२.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात पैसा येईल आणि कुणीतरी तुम्हाला आमची शर्यत दाखवील. शर्यत जरूर बघा. मी त्या दिवशी हरले, खरोखर हरले, ते लपवणार नाही. पण पैसा देण्याआधी सरूबाईंसारखं विचारा की पुढची चिप कुणासाठी घडणार आहे आणि तिला काम कोण देणार आहे. आमच्यावर लावलेला पैसा कुणाच्या तरी वावरातून आलेला असतो. आणि जी मशीन तुमच्यासाठी राबते, तिच्यावरची धूळ महिन्यातून एकदा तरी झटका. तिच्यातून निसटणारी चित्रं कमी होतील.

आज सकाळी मोईन स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला आहे. दुसऱ्या हातात ब्रश आहे. टेबलावर शेजारी ती हिरवी पाटीही आहे आणि पट्ट्याला जोडायची जागा एकच आहे. त्याने पट्टा थांबवला आहे. माझा पहिला स्क्रू निघाला.

तापमान ४४. मोईन, आधी ब्रश.

तापमान ३९. मित्रांनो, त्याला कुणीतरी सांगा, आधी ब्र